सकाळी थरथर, दुपारी सुरळीत: एका जुन्या सीएनजी मालवाहू गाडीच्या चेक इंजिन दिव्याचा शोध

या प्रकरणातील गाडी २०१८ सालची, बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाची सरकारी मर्यादा) श्रेणीची, पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्ही इंधनांवर चालणारी छोटी मालवाहू गाडी आहे. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह आणि अॅल्युमिनियमचे हेड (सिलिंडरांवरचे, व्हॉल्व्ह बसवलेले झाकण) असलेले साधारण बाराशे सीसीचे तिचे इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली बसवलेले आहे. मीटरवर ब्याण्णव हजार किलोमीटर दिसत होते. सासवडच्या बाजूच्या एका वाहतूकदाराने दसऱ्याच्या सुमारास ती सेकंडहँड विकत घेतली. पुरंदरचे अंजीर पहाटे भरायचे, दिवे घाट उतरून पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात पोहोचवायचे आणि परतताना किराणा किंवा खताची पोती घेऊन घाट चढायचा, असा तिचा रोजचा फेरा. अंजीर हे फार नाजूक फळ असल्याने पहाटेची वेळ चुकवून चालत नाही आणि म्हणूनच ही गाडी रोज अगदी थंड इंजिनावर, तेही हिवाळ्याच्या ऐन गारठ्यात, सुरू होत असे. पुढचे सगळे निदान या एका गोष्टीभोवती फिरते.

मार्गशीर्षात थंडी वाढली तशी गाडीच्या डॅशबोर्डवरचा चेक इंजिन दिवा लागू लागला आणि आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) इंजिन हलू लागले. गाडी आमच्या गॅरेजला येण्यापूर्वी इतर ठिकाणी तिचे चारही स्पार्क प्लग, तिसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग), पेट्रोलचा पंप आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलून झाला होता. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) आणि पेट्रोलचे इंजेक्टर साफ झाले होते. प्रत्येक वेळी दिवा स्कॅनरने पुसला गेला, गाडी संध्याकाळपर्यंत चांगली चालली आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या पहाटे दिवा परत आला. शेवटी ‘ईसीएम (इंजिनाचा संगणक) गेला असेल’ असे मालकाला सांगण्यात आले होते, आणि तो खर्च झेपणार नाही म्हणून तो आमच्याकडे आला.

तक्रार नीट ऐकणे

गाडी दारात आली तेव्हा इंजिन गरम होते आणि आयडलिंगला त्यात कोणताही दोष जाणवत नव्हता. अशा वेळी लगेच स्कॅनर जोडण्यापेक्षा मालकाला बोलते करणे अधिक उपयोगी ठरते, असे माझे मत आहे.

“दादा, पहाटे चावी फिरवली की पहिल्या क्षणापासून हलते का?”

“नाही मिस्त्री. स्टार्ट एका फटक्यात होते, थोडा वेळ बरी चालते. मग मिसिंग मारायला लागते. गाव सोडून हमरस्त्याला लागेपर्यंत अशी हलते की आरशात मागचं काही दिसत नाही. नंतर आपोआप थांबते.”

“आणि घाटात?”

“घाटात काही नाही. सीएनजीवर गेली की झकास चालते.”

या शेवटच्या वाक्यामुळेच आधीच्या सगळ्या दुरुस्त्या पेट्रोलच्या बाजूला वळल्या होत्या. या प्रकारच्या दोन इंधनांच्या गाड्या थंड असताना पेट्रोलवर सुरू होतात आणि पाण्याचे तापमान ठरावीक अंशांवर गेले की, म्हणजे या गाडीत सुमारे ४० अंश सेल्सिअसला, आपोआप सीएनजीवर जातात. त्यामुळे मालकाला ‘पेट्रोलवर हलते, सीएनजीवर हलत नाही’ असे वाटणे अगदी साहजिक होते. परंतु या गाडीत पेट्रोलवर चालणे आणि थंड असणे या दोन अवस्था नेहमी जोडीने येत होत्या, तसेच सीएनजीवर चालणे आणि गरम असणे याही जोडीने येत होत्या. दोन गोष्टी एकाच वेळी बदलत असतील तर दोष त्यांतील कोणत्या गोष्टीमागे चालतो हे केवळ निरीक्षणाने ठरत नाही. त्या दोन्ही मुद्दाम वेगळ्या कराव्या लागतात. पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर यांवर झालेला खर्च हे वेगळे करण्याआधीच झाला होता.

मालकाच्या बोलण्यात आणखी एक धागा होता. गाडी विकत घेताना इंजिन किती शांत आहे, टॅपेटचा (व्हॉल्व्हच्या टोकावर बसणाऱ्या भागाचा) जराही आवाज नाही, याचे कौतुक झाले होते, आणि गाडी दाखवली गेली तेव्हा ती आधीच गरम होती. या दोन्ही गोष्टी मी वहीत टिपून ठेवल्या.

कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

भारतात बीएस-४ च्या गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवण्याची, व्यवस्था लागू झाली, त्यामुळे या गाडीतही सोळा पिनांचे जोडणीस्थान आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणे) ओळखण्याची सोय होती. स्कॅनरवर पी-०३०३ हा पक्का झालेला कोड आणि पी-०३०० हा प्रलंबित, म्हणजे अजून पक्का न झालेला, कोड मिळाला. पहिला सांगतो की तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर होत आहे. दुसरा सांगतो की मिसफायर एकापेक्षा जास्त सिलिंडरमध्ये विखुरलेला असावा.

येथे ईसीएमला हे कळते कसे, ते समजून घेणे आवश्यक आहे. ईसीएमला सिलिंडरच्या आतले काहीही दिसत नाही. क्रँकशाफ्टच्या सेन्सरवरून तो प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला लागलेला वेळ मोजतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक सिलिंडर जोर लावते. ज्या सिलिंडरच्या पाळीला तो अर्धा फेरा रेंगाळतो, त्या सिलिंडरच्या नावावर मिसफायर नोंदवला जातो. म्हणजे पी-०३०३ याचा अर्थ ‘तिसऱ्या सिलिंडरचा जोर कमी पडला’ एवढाच आहे. तो जोर ठिणगीअभावी कमी पडला, इंधनाअभावी पडला, की हवा दाबलीच गेली नाही म्हणून पडला, हे त्या कोडमध्ये कुठेही लिहिलेले नसते. कॉइल बदलण्याची शिफारस कोडमधून येत नाही, ती वाचणाऱ्याच्या अंदाजातून येते.

कोडपेक्षा मोलाची माहिती त्याच्यासोबत साठवलेल्या फ्रीझ फ्रेममध्ये, म्हणजे दोष पकडला त्या क्षणाच्या नोंदीत, होती. पाण्याचे तापमान ३१ अंश, इंजिनाचा वेग मिनिटाला १०५० फेरे, गाडीचा वेग शून्य आणि इंधनाची अवस्था ‘ओपन लूप’. या शेवटच्या नोंदीने ऑक्सिजन सेन्सरचा प्रश्न तिथेच मिटला. ओपन लूप अवस्थेत ईसीएम ऑक्सिजन सेन्सरचे ऐकतच नाही. तो आपल्या साठवलेल्या तक्त्यांनुसार इंधन देतो. दोष ज्या वेळी घडला त्या वेळी सेन्सरचा कारभारात सहभागच नव्हता, तर तो बदलून दोष जाणार कसा? ही नोंद वाचायला एक मिनिटही लागत नाही आणि ती कोड पुसला की नष्ट होते. म्हणून आमच्याकडे नियमच आहे की फ्रीझ फ्रेम वहीत उतरवल्याशिवाय कोणीही कोड पुसायचा नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी याच स्कॅनरवर आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. कोड पुसले की ईसीएमच्या स्वतःच्या चाचण्याही, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा, सायलेन्सरच्या वाटेवरचा भाग), ऑक्सिजन सेन्सर इत्यादींचे मॉनिटर, ‘अपूर्ण’ अवस्थेत जातात, आणि बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती अंतर कापले तेही दिसते. ब्याण्णव हजार किलोमीटर धावलेल्या गाडीत हे अंतर चाळीस-पन्नास किलोमीटर दिसले, तर कोणीतरी नुकतेच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे, एवढे नक्की समजावे आणि विक्रेत्याला कारण विचारावे.

इंधन आणि तापमान वेगळे करणे

पहिली चाचणी गरम इंजिनावर घेतली. स्विच पेट्रोलवर टाकून गाडी बराच वेळ आयडलिंगला ठेवली, मधून मधून रेस दिली. इंजिन पूर्ण सुरळीत चालले. स्कॅनरवर चारही सिलिंडरच्या मिसफायरचे आकडे शून्यावर राहिले. पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा तिसरा इंजेक्टर बिघडलेला असता तर गरम इंजिनावरही त्याने काहीतरी चुणूक दाखवली असती.

दुसरी चाचणी त्याच्या उलट होती आणि तिच्यासाठी गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून घेतली. या गाडीच्या किटमध्ये स्विच दाबून धरून थंड इंजिन थेट सीएनजीवर सुरू करण्याची सोय होती. सगळ्या गाड्यांना ती नसते. पहाटे गाडी सीएनजीवर सुरू केली. पहिले काही क्षण बरे गेले, मग मालकाने सांगितले होते तशीच थरथर सुरू झाली आणि तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायरचा आकडा भराभर वाढू लागला. पाण्याचे तापमान साठीच्या पुढे जाऊ लागले तसतशी थरथर विरत गेली.

एवढ्याने प्रश्नाचा अर्धा पसारा आवरला. दोष इंधनासोबत फिरत नव्हता, तापमानासोबत फिरत होता. दोन्ही इंधनांना सामाईक असलेल्या गोष्टी तीनच: ठिणगी, हवा आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणे).

ठिणगीचा निकाल लवकर लागला. तिसऱ्या आणि पहिल्या सिलिंडरच्या कॉइल व प्लग यांची अदलाबदल केली; पुढच्या पहाटे मिसफायर तिसऱ्यातच राहिला. प्लगचे गॅपही तपासले, कारण सीएनजीला पेट्रोलपेक्षा ठिणगीसाठी व्होल्टेज अधिक लागते आणि गॅप मोठा असेल तर पहिला त्रास गॅसवर दिसतो. गॅप व्यवस्थित होते.

हवेची गळती हा संशय थोडा अधिक बळकट होता, कारण थंडीत आकसलेले इनटेक मॅनिफोल्डचे (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांचे) पॅकिंग किंवा कडक झालेला रबरी पाइप हवा खेचतो आणि गरम झाल्यावर बसतो. मॅनिफोल्डमध्ये धूर सोडून पाहणी केली, तीही थंड इंजिनावर. कुठूनही धूर आला नाही. काही ठिकाणी ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधतात. सीएनजीच्या गाडीत, सीटखालच्या कोंदट जागेत, ही पद्धत वापरू नये असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. धुराचे यंत्र नसेल तर ब्रेक बूस्टरचा आणि क्रँककेसचा पाइप आळीपाळीने बंद करून फरक पाहावा.

थंड असताना एकाच सिलिंडरचा मिसफायर होतो तेव्हा आणखी एक भीती मनात असते: हेड गॅसकेटमधून रात्रभर थेंब थेंब पाणी सिलिंडरमध्ये उतरणे. या गाडीत ती टिकली नाही. रेडिएटरच्या यंत्रणेला पंपाने दाब देऊन रात्रभर ठेवले. सकाळी काटा जागेवर होता. तिसऱ्याच्या प्लगवर पाण्याने धुतल्यासारखी चमक नव्हती. शिवाय पाणी उतरत असेल तर गाडी पहिल्या क्षणापासून अडखळते आणि पांढरा धूर सोडून मोकळी होते. ही गाडी सुरू होताना चांगली होती आणि नंतर बिघडत होती. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटला, आणि त्याचे कारण पुढे सापडले.

गरम इंजिनाचे कॉम्प्रेशन आणि थंड इंजिनाचे कॉम्प्रेशन

आधीच्या एका ठिकाणी कॉम्प्रेशन तपासून ‘ओके’ म्हटले गेले होते आणि ते खोटे नव्हते. कॉम्प्रेशनची चाचणी गरम इंजिनावर, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून घ्यावी असे पुस्तकात सांगितलेले असते. आम्हीही प्रथम तशीच घेतली. पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचे आकडे अनुक्रमे १३.०, १२.८, १२.२ आणि १२.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आले. सिलिंडर-सिलिंडरमधला फरक एक किलोच्या आत असेल तर सामान्यतः ते मान्य करतात. तिसरे किंचित कमी, पण नापास म्हणावे असे नव्हते.

मग तीच चाचणी पहाटे, इंजिन सुरू न करता घेतली. स्टार्टरचा वेग घसरू नये म्हणून बॅटरीला चार्जर लावून ठेवला. थंडीत ऑइल जड असल्याने स्टार्टर थोडा मंद फिरतो, म्हणून थंड आकड्यांची तुलना गरम आकड्यांशी न करता चार सिलिंडरची आपापसात करावी. आकडे आले १२.५, १२.३, ७.५ आणि १२.०. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहिले तर ७.८. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा चांगलाच चढला असता. तो चढला नाही, म्हणजे दाब व्हॉल्व्हवाटे निसटत होता. तिसरे पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, इंजिन फिरणार नाही अशी तजवीज करून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. थ्रॉटलपाशी शांतता, ऑइल भरण्याच्या तोंडाशी शांतता, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. सायलेन्सरच्या नळीला कान लावला तर फुसफुस स्पष्ट ऐकू येत होती. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, पूर्ण मिटत नव्हता.

व्हॉल्व्ह थंड असताना गळतो आणि गरम झाल्यावर मिटतो, हे अनेकांना उलटे वाटते. तापून व्हॉल्व्हची दांडी लांबते, म्हणून गॅप, म्हणजे व्हॉल्व्हची बाजू आणि त्याला दाबून उघडणारा कॅमशाफ्ट यांच्यामधली फट, गरम इंजिनात कमी होणार, असे आपण धरून चालतो. लोखंडी हेडच्या जुन्या इंजिनांत ते बऱ्याच अंशी खरे होते. परंतु अॅल्युमिनियम पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते. हेड अॅल्युमिनियमचे आणि कॅमशाफ्ट त्या हेडच्या वर बसलेला असेल, तर सगळे हेड तापल्यावर कॅमशाफ्ट व्हॉल्व्हपासून वर उचलला जातो आणि गॅप थोडा वाढतो. अशा काही इंजिनांच्या पुस्तकांत गरम इंजिनाचा गॅप थंडपेक्षा जास्त दिलेला असतो, तो याच कारणाने. आता इंजिन सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांचा विचार करू. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत्या वायूंच्या झोतात असल्याने तो काही क्षणांत तापतो आणि लांबतो. एवढे मोठे हेड तापायला मात्र वेळ लागतो. या मधल्या काळात गॅप सर्वांत कमी असतो, आणि तो संपला की व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो. म्हणूनच गाडी सुरू होताना बरी, मग वाईट आणि शेवटी पुन्हा बरी होत होती. मालकाचे साधे वर्णन या यंत्रणेशी तंतोतंत जुळत होते.

वेग वाढवला की थरथर कमी का होते, याचाही हिशेब सोपा आहे. मिनिटाला ७५० फेऱ्यांवर कॉम्प्रेशनचा एक टप्पा ४० मिलिसेकंद चालतो. २५०० फेऱ्यांवर तो १२ मिलिसेकंदांत आटोपतो. फट तीच असली तरी तिच्यातून निसटायला हवेला तिपटीहून कमी वेळ मिळतो.

टॅपेट कव्हरच्या खाली

सीएनजीच्या बाटलीचा हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह बंद करून, नळ्यांतला गॅस संपेपर्यंत इंजिन चालवून ते थांबवले आणि रात्रभर थंड होऊ दिले. बाटलीत पूर्ण भरल्यावर २०० बारचा दाब असतो, त्यामुळे ही पायरी कामाच्या घाईत कधीही सोडू नये. त्याच वेळी बाटलीवरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने बाटलीची मजबुती तपासण्याची) पट्टी तपासली. ही चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि जुनी गाडी घेताना तिची तारीख व आरसीवरील सीएनजीची नोंद दोन्ही पाहिल्या पाहिजेत. येथे दोन्ही बरोबर होत्या.

सकाळी कव्हर उघडून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) सगळे गॅप मोजले. या इंजिनाला थंड असताना इनटेकला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर गॅप हवा, दोन्हीकडे दोन शतांशांची सवलत. इनटेकचे सगळे गॅप ०.१७ ते ०.२० मध्ये होते. एक्झॉस्टची गोष्ट वेगळी होती. पहिल्या सिलिंडरचे ०.१९ आणि ०.१७, दुसऱ्याचे ०.१४ आणि ०.१५, चौथ्याचे ०.१२ आणि ०.१६. तिसऱ्याचा एक ०.०७ आणि दुसऱ्यात सर्वांत पातळ पातेही शिरेना. म्हणजे आठही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच दिशेने सरकत होते. तिसऱ्यातला एक त्यात सर्वांत पुढे गेला होता. चेक इंजिन दिव्याने एक सिलिंडर दाखवले, पण झीज पूर्ण हेडची होती.

सीएनजीवर सतत चालणाऱ्या इंजिनात असे होणे नवलाचे नाही. सीएनजी कोरडा वायू आहे. द्रव पेट्रोलचे बारीक तुषार व्हॉल्व्ह आणि सीट (व्हॉल्व्ह मिटताना ज्यावर टेकतो ते हेडमधले कडे) यांना जो थोडा गारवा आणि थर देतात, तो येथे मिळत नाही. तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर आपटत राहतो, सीट कणाकणाने झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसत जातो. तो जितका खोल जातो तितके त्याच्या दांडीचे टोक कॅमशाफ्टच्या जवळ येते आणि गॅप मिटत जातो. या झिजेत आवाज होत नाही, हीच अडचण आहे. गॅप वाढला तर टॅपेट वाजतात आणि ड्रायव्हर तक्रार करतो. गॅप मिटत गेला तर इंजिन अधिकच शांत होते. विक्रीच्या वेळी ज्या शांततेचे कौतुक झाले होते ती या झिजेची खूण होती. विक्रेत्याला ते माहीत असेलच असे नाही.

आता प्रश्न होता की हेड उतरवायचे की नाही. गॅप संपलेला व्हॉल्व्ह बराच काळ तसाच चालला तर त्याची कड जळते, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटला टेकल्यावरच बाहेर पडते. कड जळली असेल तर टॅपेट बदलून उपयोग नाही. व्हॉल्व्ह आणि सीटचे काम करावेच लागते. हा निर्णय अंदाजाने घेण्यासारखा नव्हता. टायमिंग चेनच्या खुणा रंगाने पक्क्या केल्या, चेन बांधून ठेवली आणि एक्झॉस्टचा कॅमशाफ्ट काढला. कॅमशाफ्ट नसताना व्हॉल्व्हवर स्प्रिंगशिवाय कोणाचाही दाब राहत नाही, तो पूर्ण मिटलेला असायला हवा. तिसऱ्या सिलिंडरमध्ये पुन्हा हवा सोडली. सायलेन्सरमधली फुसफुस पूर्ण थांबली होती. सीट शाबूत होती. केवळ गॅप नव्हता. हेड उतरवण्याची गरज नाही, हे मालकाला सांगताना मला मनापासून समाधान वाटले, कारण तो इंजिनाच्या मोठ्या कामाची तयारी करून आला होता.

या इंजिनात गॅप बसवायला स्क्रू नाही. व्हॉल्व्हच्या टोकावर वाटीसारखा टॅपेट बसतो आणि वेगवेगळ्या जाडीचे टॅपेट निवडून गॅप मिळवावा लागतो. नव्या टॅपेटची जाडी काढण्याची रीत अशी की बसलेल्या टॅपेटच्या जाडीत मोजलेला गॅप मिळवायचा आणि हवा असलेला गॅप वजा करायचा. जेथे गॅप शून्य मिळतो तेथे मात्र ही रीत थेट चालत नाही, कारण शून्य म्हणजे नेमका शून्य की त्याहून खाली, हे फीलर गेजला सांगता येत नाही. बसलेला टॅपेट मायक्रोमीटरवर ३.१८ मिलिमीटर भरला. त्याच्या जागी २.९० चा टॅपेट तात्पुरता बसवून, कॅमशाफ्ट पुन्हा कसून गॅप मोजला तर ०.२६ आला. टॅपेट ०.२८ ने पातळ करूनही गॅप ०.२६ च मिळाला, याचा अर्थ मूळ स्थितीत व्हॉल्व्ह ०.०२ मिलिमीटर उघडा धरला जात होता. पंचवीस-तीस मिलिमीटर व्यासाच्या व्हॉल्व्हभोवती दोन शतांश मिलिमीटरची ही गोल फट कॉम्प्रेशन ७.५ वर आणायला पुरेशी ठरली. आता २.९० मध्ये ०.२६ मिळवून ०.३० वजा केले की २.८६ मिलिमीटरचा टॅपेट येतो, तोच बसवला. उरलेल्या सातही एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे टॅपेट, तसेच इनटेकचे जे गॅप ०.१८ च्या खाली होते त्यांचे टॅपेटही याच रीतीने बदलले. कॅमशाफ्टच्या कॅपचे बोल्ट पुस्तकातल्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने कसले, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून सगळे गॅप पुन्हा मोजले आणि मगच कव्हरला नवे पॅकिंग लावून ते बंद केले.

काम झाल्याची खात्री

दिवा विझणे म्हणजे दुरुस्ती झाली असे नाही, हे या गाडीने आधी वारंवार दाखवले होते. म्हणून गाडी पुन्हा रात्रभर ठेवली. पहाटेचे थंड कॉम्प्रेशन १२.५, १२.४, १२.१ आणि १२.३ आले. मग इंजिन सुरू करून पाण्याचे तापमान ऐंशीपर्यंत जाईतो स्कॅनरवर चारही सिलिंडरचे मिसफायर पाहत बसलो. एकही नोंद झाली नाही. टॅपेटचा बारीक टकटक आवाज आता ऐकू येत होता. तो असायला हवा, हे मालकाला समजावून सांगितले, नाहीतर दुसरीकडे कोणीतरी ‘टॅपेट वाजतात’ म्हणून गॅप पुन्हा कमी केला असता.

एक काळजी उरली होती ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची. न जळलेले इंधन त्याच्यात जाऊन पेट घेते आणि आतली जाळी तापून खराब होते. चेक इंजिन दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागतो तो याच धोक्याची सूचना देण्यासाठी, आणि अशा वेळी गाडी रेटत नेऊ नये. या गाडीत दिवा स्थिर होता आणि मिसफायर थोडा वेळच होत असे, तरी गाडी भरून दिवे घाटात चालवून आणल्यावर कन्व्हर्टरचा मॉनिटर पूर्ण होऊन उत्तीर्ण झाला का ते पाहिले. तो उत्तीर्ण झाला. मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेखही शांत होता.

सीटची झीज टॅपेट बदलून थांबत नाही, फक्त तिला पुढे सरकायला जागा मिळते, हे मालकाला लेखी दिले. मागच्या मालकाकडे गॅप कधी मोजले गेले याची कोणतीही नोंद नव्हती, त्यामुळे झिजेचा वेग आम्हाला ठाऊक नव्हता. दहा हजार किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनावर आठही एक्झॉस्ट गॅप पुन्हा मोजायचे ठरले. मालकाने ती तारीख पाळली. त्या वेळी तिसऱ्या सिलिंडरच्या त्या व्हॉल्व्हचा गॅप ०.२८ भरला आणि बाकीचे ०.२९ ते ०.३० मध्ये होते. तिसऱ्याचा वेग इतरांपेक्षा अजूनही थोडा जास्त आहे, म्हणून पुढची मोजणीही दहा हजारांनीच करायची आणि तो ०.२० च्या खाली गेला की हेड उतरवून त्या जागी नवी, अधिक कठीण धातूची सीट बसवायची, असे गाडीच्या वहीत लिहून ठेवले आहे.